अभिवचन रजा : बाहेर जाऊन परत येणाऱ्यांची गोष्ट

आजचा विषय पॅरोल. विषय जाहीर केला तेव्हाच एका श्रोत्याचा निरोप आला: "पॅरोल म्हणजे पैसेवाल्यांची सुट्टी. त्यात इतिहास कसला शोधताय?" प्रश्न रोखठोक आहे आणि तो एकट्याचा नाही. संजय दत्त येरवड्यात शिक्षा भोगत होता, 2013 ते 2016 या काळात, तेव्हा त्याच्या प्रत्येक रजेची बातमी व्हायची आणि लोकलच्या डब्यात हेच बोललं जायचं. त्याच्या आधीच्या पिढीला नानावटी आठवतात. जन्मठेप झालेले, 1963 मध्ये पॅरोलवर बाहेर आलेले, आणि 1964 मध्ये माफी मिळालेले. आपल्याला पॅरोल कळतो तो अशा माणसांमुळे. ज्यांची बातमी होत नाही अशा हजारो कैद्यांच्या अर्जांमुळे तो आपल्याला कळत नाही.

मी राहतो कोपरला. डोंबिवलीच्या अलीकडचं छोटं स्टेशन, खाली मुख्य लाइन आणि वर वसई-दिवा लाइन, गर्दीच्या वेळी नावाला जागणारं, कारण कोपर मारल्याशिवाय डब्यात शिरता येत नाही. इथून एका बाजूला गेलं की ठाणे मध्यवर्ती कारागृह, दुसऱ्या बाजूला कल्याणचं आधारवाडी कारागृह. दोन तुरुंगांच्या मधोमध आम्ही रोज ये-जा करतो. आत कोण आहे, बाहेर कोण येतंय आणि परत कोण जातंय, याचा पत्ता आपल्याला नसतो.

आधी शब्द बघू. सरकारी मराठीवर आपण एरवी हसतो, पण तुरुंगाच्या रजांना तिने दिलेली नावं फार नेमकी आहेत. फर्लो म्हणजे 'संचित रजा'. पॅरोल म्हणजे 'अभिवचन रजा'. संचित म्हणजे साठवलेली, चांगल्या वागणुकीने आणि भोगलेल्या शिक्षेने कमावलेली. अभिवचन म्हणजे दिलेल्या शब्दावर मिळालेली. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही 'शब्द', 'वचन' हाच. युद्धात पकडलेल्या अधिकाऱ्याने 'पळणार नाही' असं वचन द्यायचं आणि मोकळं राहायचं, ही युरोपातली जुनी रीत. म्हणजे पॅरोलच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?

ठाण्याच्या तुरुंगाला या प्रश्नाचं दुसरं टोक चांगलं ठाऊक आहे. आजचा तुरुंग म्हणजे मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतलेला, 1774 मध्ये इंग्रजांकडे गेलेला. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या त्रिंबकजी डेंगळ्यांना इथे डांबलं. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा ठेवला, एतद्देशीयांवर भरवसा नको म्हणून. आणि सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी निसटले. सांगतात ती गोष्ट अशी, की किल्ल्यातला एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांत पळण्याचा बेत असायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना गाणं ऐकू यायचं, कळायचं नाही. गोष्टीत मीठमसाला किती हे सोडा, पण अविश्वासावर बांधलेली भिंत कशी फसते, याचा हा ठाण्यातला नमुना आहे. पुढे 1833 च्या सुमारास किल्ल्याचा तुरुंग झाला.

यानंतर सातच वर्षांनी, ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर अगदी उलटी गोष्ट घडली. अलेक्झांडर मॅकोनोकी हा नौदलातला माणूस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगोलाचा पहिला प्राध्यापक होता, आणि त्याच्याही आधी नेपोलियनच्या युद्धांत फ्रेंचांच्या कैदेत दोनेक वर्षं काढलेला. आतून तुरुंग पाहिलेला प्राध्यापक! 1840 मध्ये तो या बेटाचा मुख्य झाला. सगळ्या साम्राज्यात बदनाम असलेलं ते कैदी-बेट. व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाला त्याने फाटकं उघडली, कैद्यांना जेवण दिलं, खेळ आणि दारूकाम झालं. दिवसभर हजाराहून जास्त कैदी बेटावर मोकळे. संध्याकाळी बिगुल वाजलं आणि सगळे आपापल्या जागी परतले. वरच्यांना हे मुळीच आवडलं नाही, 1844 मध्ये त्याला परत बोलावलं. पण शिक्षा दिवसांत न मोजता काम आणि वागणुकीच्या गुणांत मोजायची ही त्याची कल्पना राहिली. पुढे आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टनने आणि मग अमेरिकेत इतरांनी ती उचलली, आणि आजचा पाश्चात्त्य पॅरोल तिथून आला.

इथे एक फरक लक्षात ठेवा, नाहीतर सिनेमे बघून गोंधळ होतो. अमेरिकेतला पॅरोल म्हणजे शिक्षा संपायच्या आधी देखरेखीखाली कायमचं बाहेर पडणं. आपल्याकडचा पॅरोल म्हणजे काही दिवसांची रजा. जायचं आणि यायचं.

आता महाराष्ट्रात येऊ, कारण आपल्याकडचा मॅकोनोकी माणदेशात सापडतो. औंध संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कार आणि चित्रकलेसाठी प्रसिद्ध. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. आणि त्यांच्यासोबत मॉरिस फ्रीडमन, पोलंडचा ज्यू इंजिनिअर, गांधीजींच्या प्रभावात आलेला, ज्याला इथे भारतानंद म्हणायचे. या मंडळींनी 1930 च्या दशकाच्या शेवटी औंधमध्ये लोकांच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग केला, त्यात गांधीजींचा सल्ला होता, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच काळात आटपाडीजवळच्या माळरानावर त्यांनी कैद्यांची एक वसाहत वसवली, हे कमी जणांना माहीत असतं. नाव दिलं स्वतंत्रपूर. तुरुंगाला स्वतंत्रपूर!

भिंत नाही. तट नाही. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे बायकापोरांसह छोट्या घरांत राहायची, शेती करायची. माणदेश म्हणजे पावसाची वानवा, तिथे शेती ही स्वतःच सक्तमजुरी. तरी फरक असा की पिकवलेलं घरात यायचं. पळून जायचं असेल तर कोणी अडवायला नाही. आणि पळून गेला तर मागे राहतं काय? बायको, पोरं, उभं पीक. माझ्या मते स्वतंत्रपूरची खरी युक्ती इथे आहे. लोक म्हणतात राजा दयाळू होता. असेलही. पण त्याने दया दाखवण्यापेक्षा मोठं काम केलं. माणसाला परत येण्यासारखं काहीतरी तुरुंगातच दिलं.

माडगूळकर याच आटपाडी भागातले. गदिमांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. शांतारामबापूंनी स्वतः जेलरची भूमिका केली आणि चित्रीकरणात बैलाशी झुंज करताना त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. सिनेमा सगळ्यांना आठवतो. पण त्यातले सहा खुनी आणि एक देवमाणूस जेलर, या मांडणीने एक घोटाळा केला असं मला वाटतं. सुधारणा म्हणजे एका संताच्या डोळ्यांची जादू, असा आपला समज झाला. प्रत्यक्षात स्वतंत्रपूर चाललं ते घर, कुटुंब आणि शेत या व्यवस्थेवर. संस्थान विलीन झालं, राजे गेले, फ्रीडमन गेले, तरी वसाहत राहिली. राज्य सरकारच्या कारागृह खात्याकडे ती खुली वसाहत म्हणून आली. जादूवर चाललेली गोष्ट जादूगार गेल्यावर इतकी टिकत नाही.

आता अभ्यासकांकडे वळू. स्वातंत्र्यानंतर तुरुंगांचं काय करायचं हा प्रश्न दिल्लीत होताच, कारण सत्तेवर आलेले बरेचसे नेते स्वतः तुरुंग भोगून आलेले. 1951 मध्ये सरकारने संयुक्त राष्ट्रांकडून एक तज्ज्ञ मागवला. डॉ. वॉल्टर रेकलेस, ओहायो स्टेट विद्यापीठातले गुन्हेशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी देशातले तुरुंग पाहिले, अहवाल लिहिला, जुनी जेल मॅन्युअलं बदला म्हणून सांगितलं. आणि आपल्या मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे ज्याला आपण 'टिस' म्हणतो तिथे, तुरुंग अधिकाऱ्यांना शिकवलं. विचार करा, 1894 च्या कायद्यावर पोसलेले जेलर, हातात वही-पेन घेऊन वर्गात बसलेत आणि समोर एक अमेरिकन प्राध्यापक सांगतोय की कैदी हा सांभाळून ठेवायचा माल नाही. टिसमध्ये गुन्हेशास्त्र आणि सुधारप्रशासन हा स्वतंत्र विषय रुजला तो याच काळात. रेकलेस यांच्या शिफारशींच्या धाग्यावर पुढे 1957 मध्ये अखिल भारतीय जेल मॅन्युअल समिती नेमली गेली आणि 1960 ला आदर्श मॅन्युअलचा मसुदा आला.

रेकलेस यांचं नाव गुन्हेशास्त्राच्या पुस्तकांत राहिलं ते वेगळ्या कारणाने. त्यांनी नेहमीचा प्रश्न उलटा केला. वाईट वस्तीतली मुलं गुन्हेगार का होतात, असं सगळे विचारत होते. त्यांनी विचारलं, त्याच वस्तीतली बरीचशी मुलं गुन्हेगार का होत नाहीत? उत्तर त्यांनी दोन थरांत दिलं. एक आतला बांध: स्वतःबद्दलची कल्पना, संयम. एक बाहेरचा बांध: घर, शेजार, काम, आपली कोणाला तरी गरज आहे ही भावना. मराठीत आपण सहज म्हणतो ना, 'मागे-पुढे कोणी नाही त्याला', तोच हा बाहेरचा बांध.

हाच उलटा प्रश्न पॅरोलला लावून बघा. पळाला तो का पळाला, हे सगळे विचारतात, पेपरही, पोलिसही, विधानसभाही. पण दार उघडं असताना, हातात एसटीचं तिकीट असताना, जो ठरल्या तारखेला संध्याकाळी तुरुंगाच्या फाटकावर येऊन उभा राहतो, तो का येतो? हे कुठल्या फॉर्मवर विचारलेलं नसतं.

फॉर्मवर काय असतं ते आता सांगतो. आपले मूळ नियम 1959 चे, 'कारागृह (मुंबई फर्लो व पॅरोल) नियम'. तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्य होतं, म्हणून 1960 मध्ये वाटणी झाली तरी महाराष्ट्र आणि गुजरात दोघांकडे तेच नियम गेले. मूळ कायदा अर्थातच 1894 चा. संचित रजा मिळते ती कारण न विचारता, ठरावीक शिक्षा भोगल्यावर, आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजेला कारण लागतं: जवळच्याचं आजारपण, मृत्यू, लग्न, बाळंतपण, घर पडणं, पूर. आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, तेवढी शिक्षा पुढे सरकते. म्हणजे पॅरोल ही 'सुट्टी' आहे म्हणणाऱ्या आमच्या श्रोत्याला हे सांगायला हवं, की ही बिनपगारी रजा आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या कैद्यांच्या खटल्यात हेच पक्कं केलं: मुदतपूर्व सुटकेसाठीची 14 वर्षं मोजताना पॅरोलचे दिवस वगळायचे. न्यायालयाची काळजी अशी, की नाहीतर वजनदार कैदी पॅरोलवर पॅरोल घेऊन बाहेरच वर्षं काढतील. काळजी खरी आहे. पण नियम वजनदाराला आणि बिनवजनाच्याला सारखाच लागला.

संचित रजेबद्दल नियमांतच पुढे एक कलम आहे: ही रजा म्हणजे कैद्याचा कायदेशीर हक्क नव्हे. एका हाताने कमावलेली म्हणायचं, दुसऱ्या हाताने हक्क नाही म्हणायचं. कोपराला गूळ लावणं म्हणतात ते हेच. (आमच्या स्टेशनाचा याच्याशी संबंध नाही.)

आणि मग येतो पोलिस अहवाल. कैदी अर्ज करतो तुरुंगात. तुरुंगाकडे त्याच्या वागणुकीची नोंद असते: काम काय करतो, भांडणं किती, किती दिवस सूट कमावली. पण अर्ज जातो त्याच्या गावच्या पोलिस ठाण्यात. तिथला हवालदार जातो घरी. नातेवाईक हमी द्यायला तयार आहे का? घर आहे का? फिर्यादी शेजारीच राहतो का, गावात तंटा होईल का? अहवालात प्रतिकूल ओळ आली की अर्ज अडकतो. गावात फिर्यादीचं घर समोर असेल तर हवालदाराची भीती खोटी नसते, हे मी मान्य करतो. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याला समोरच्या अंगणात आरोपी चहा पिताना दिसणं, याची किंमत रेकलेसच्या पुस्तकात नाही. तरीही बघा, आत दहा वर्षं धड वागलेल्या माणसाचा निकाल त्याच्या वागण्यावर होत नाही. मागे कोण उरलंय, यावर होतो.

आता असा कैदी डोळ्यांपुढे आणा, जो कामासाठी परराज्यातून भिवंडीत आला, गुन्हा इथेच घडला, आईबाप वारले, भावाने नाव टाकलं. त्याला हमी देणार कोण? किंवा नवऱ्याच्या खुनात शिक्षा झालेली बाई. सासर बंद, माहेर लाजेने गप्प. तिची संचित रजा कागदावर साठतच राहते. 'संचित' शब्दाचा असाही अर्थ होईल, हे भाषांतरकाराच्या मनात नसणार.

टिसच्या गुन्हेशास्त्र विभागाने 1990 मध्ये 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला तो नेमक्या याच माणसांसाठी. डॉ. विजय राघवन यांचं नाव या कामाशी अनेक वर्षं जोडलेलं आहे. मुंबईच्या तुरुंगातून सुरुवात झाली, पुढे आपल्या ठाणे आणि कल्याणच्या तुरुंगांपर्यंत काम पोचलं. समाजकार्यकर्ते बराकींपर्यंत जातात, घरच्यांना पत्र, फोन, वकील, सुटल्यावर राहायची सोय, हाताला काम. वरवर बघता हे समाजसेवेचं किरकोळ काम वाटतं. पण गुन्हेशास्त्राच्या भाषेत हा बाहेरचा बांध पुन्हा घालण्याचा उद्योग आहे, एकेका माणसाचा. इथे शिकणारी मुलं वर्गात सिद्धांत वाचतात आणि क्षेत्रकार्यात बघतात, की सिद्धांतातली 'कुटुंब' नावाची गोष्ट प्रत्यक्षात फोन उचलत नाही.

2016 मध्ये सगळं हललं. मुंबईतल्या एका गाजलेल्या खुनातला जन्मठेपेचा कैदी नाशिकच्या तुरुंगातून पॅरोलवर गेला आणि परतला नाही. पुढच्या वर्षी काश्मीरमध्ये सापडला. मुलीच्या आईवडिलांवर त्या दीड वर्षात काय गुजरलं असेल, याची कल्पना करवत नाही. त्याच वर्षी सरकारने नियम कडक केले, काही गुन्ह्यांचे कैदी रजेतून वगळले. एक न परतलेला माणूस नियम बदलतो. परतलेल्या हजारोंमुळे नियम बदलल्याचं उदाहरण शोधलं, तर एकच सापडतं, आणि तेही साथीमुळे.

मार्च 2020. सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, तुरुंगातली गर्दी कमी करा. महाराष्ट्रात तेव्हा सुमारे 35 हजार कैदी, त्यातले साधारण निम्मे सोडायचं ठरलं. 8 मे 2020 ला 1959 च्या नियमांत दुरुस्ती झाली: आपत्कालीन पॅरोल, आधी 45 दिवस, मग 30-30 दिवसांची वाढ. सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या कैद्यांसाठी अट अशी, की मागच्या दोन रजांवरून तो वेळेवर परतलेला असावा. पहिल्यांदाच नियमाने रेकलेसचा प्रश्न विचारला म्हणा ना: हा आधी परत आला होता का? पण अंमलबजावणीत गंमत झाली. ज्यांना आजवर रजाच मिळाली नव्हती, त्यांना तुरुंगांनी नकार दिला. दोनदा गेलाच नाहीस, तर दोनदा परतलास कसा? म्हणजे पोलिस अहवालाने ज्याची रजा आधी अडवली, त्याला आता रजा मिळाली नव्हती म्हणून रजा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये हा अर्थ नाकारला. अट आहे ती उशिरा येणाऱ्याला वगळण्यासाठी. कधीच न गेलेल्याला ती लावता येणार नाही.

साथ ओसरली तसं 2022 मध्ये 'परत या' असा आदेश निघाला. काही जण आले नाहीत, त्यांच्यावर गुन्हे नोंदले गेले, त्याच्या बातम्या आपण वाचल्या. बाकीचे आले. दोन वर्षं घरी राहिलेली माणसं, रोजगाराला लागलेली, मुलांना शाळेत सोडणारी, पिशवीत कपडे भरून ठाण्याच्या, कल्याणच्या, येरवड्याच्या फाटकावर येऊन उभी राहिली. त्यातल्या कुणी आमच्या कोपरहून गाडी पकडली असेल, तर फलाटावर आम्हाला ते कळायचं कारण नव्हतं.

2023 मध्ये केंद्राने राज्यांना आदर्श तुरुंग कायद्याचा मसुदा पाठवला. 1894 चा कायदा मोडीत काढण्यासाठी. त्यात रजेवर जाणाऱ्या कैद्याने स्वतःच्या संमतीने इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून घ्यावा, अशी तरतूद आहे. ज्याला हमीदार मिळत नाही त्या परराज्यातल्या माणसाला हा पट्टा वरदान ठरू शकतो, भावाच्या सहीऐवजी एक यंत्र. माझा कल त्या बाजूला आहे, निदान अशा माणसांपुरता. पण हमीदार असलेल्यालाही पट्टा बांधायला लावला, तर त्या रजेला मराठीत नवं नाव शोधावं लागेल, कारण 'अभिवचन' त्यात कुठे राहिलं?

पुढच्या भागात खुली कारागृहं, म्हणजे येरवडा आणि पैठण. आटपाडीच्या बाजूचे कोणी श्रोते असतील आणि स्वतंत्रपूरबद्दल घरात काही ऐकलेलं असेल, तर जरूर कळवा.